मारबतीच्या गर्दीत भावाचं मनगट सोडवेना. बाबांची भीती माझ्यात कशी आली?

वैनगंगाकाठ | २५ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसतं वाचते, स्वतः धागा पहिल्यांदाच काढून राहिली, लांबलं तर समजून घ्या.

परवा मारबत होती, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती पुतळ्यांची मिरवणूक. माझा लहान भाऊ पाचवीत आहे, त्याच्या वर्गातले सगळे पोट्टे जातात आणि आम्ही नागपुरात राहून एकदाही गेलो नाही कारण बाबा गर्दीत कुठंच जाऊ देत नाहीत. गणपती विसर्जन नाही, रामनवमीची शोभायात्रा नाही, नवरात्रात कोराडीला जायचं तर पहाटे चारला. यावेळी आई म्हणाली ने त्याला, बाबांना मी बघते. आम्ही इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ एका दुकानाच्या पायरीवर उभे होतो, पोट्टे "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडत होते, आणि मागून एकदम रेटा आला. फार मोठा नव्हता, दरवर्षी जाणारे म्हणतील एवढं तर होतच असते. पण माझी छाती आवळली, कानात सुंसुं, तोंडाला कोरड, बोटं बधिर, आणि डोक्यात एकच की मी आता मरते आणि हा हातातून सुटते. बाहेर कशी आली मला आठवत नाही. गल्लीत एका ओट्यावर बसलो तेव्हा भाऊ रडत होता, ताई हात सोड म्हणून. त्याच्या मनगटावर माझी चारही बोटं उमटली होती.

मी हात नव्हता धरला, मनगट धरलं होतं. आणि तिथं बसल्या बसल्या लक्षात आलं की बाबा आम्हाला लहानपणापासून असंच धरतात. रस्ता ओलांडताना, बसमध्ये, लग्नाच्या मांडवातही. आम्ही बोट धरायला गेलो की ते आमचं बोट काढून मनगट धरतात. मला वाटायचं ही त्यांची सवय आहे.

त्यामागचं कारण मला याच उन्हाळ्यात कळलं, तेही बाबांच्या आत्याकडून, भंडाऱ्याकडं आमच्या गावी गेले होते तेव्हा. आम्ही गोवारी, गुरं राखणारा समाज. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनावर गोवारींचा जो मोर्चा आला होता त्यात आमच्या गावातूनही माणसं आली होती, बायका लेकराबाळांसह, शिदोऱ्या बांधून. नागपुरात राहणाऱ्यांना झिरो माइलजवळचं स्मारक माहीतच आहे. चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली, जास्त करून बाया आणि लेकरं. त्यात माझी आजी होती. बाबा १२ वर्षांचे होते आणि तिच्या सोबत होते. आत्याआजी म्हणाली, "तुझ्या बापानं बोट धरलं होतं तिचं. बोट सुटलं."

एवढंच. बाबा या विषयावर आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरात आजीचा फोटोही नाही. मी २१ वर्षांची आहे, मी त्या दिवशी नव्हतेच, मला तर या उन्हाळ्यापर्यंत माहीतही नव्हतं. मग माझं शरीर असं काऊन वागते? हे तिसऱ्यांदा झालं, आधी दोनदा सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर झालं होतं, ईसीजी काढला तर नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. आणि बाबांना कसं न्यावं दाखवायला? मी नुसतं समुपदेशन म्हटलं तर म्हणाले, "पागलखान्यात टाकते का मला?"

---

दिघोरी_नाका | २६ ऑगस्ट

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी रोज झिरो माइलवरून जातो, स्मारक रोज दिसते पण तिथल्या माणसांची नातवंडं माझ्याच वयाची असतील हे कधी डोक्यातच आलं नाही.

तुला झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, मला कोविडनंतर झाले होते. त्या वेळी १४४१६ वर फोन केला होता, टेलिमानस म्हणतात त्याला, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. रात्री दोन वाजता एका बाईंनी अर्धा तास ऐकून घेतलं माझं. बाबांसाठी नंतर बघू, पण तू तुझ्यासाठी तर कर.

---

बजेरियाकर | २६ ऑगस्ट

बेटा, तुझ्या घरावर जे ओढवलं त्याबद्दल वाईट वाटलं. ती संध्याकाळ आम्हा नागपूरकरांना आठवते, शहर सुन्न झालं होतं. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, माझं वय ६८ आहे, राग मानू नको. आजकाल प्रत्येक गोष्टीला ट्रॉमा म्हणायची पद्धत पडली आहे. आमच्या पिढीनं काय कमी पाहिलं? फाळणीत सगळं सोडून आलेले लोक आमच्या शेजारी होते, जरीपटक्यात त्यांनी शून्यातून दुकानं उभी केली, कोणी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. तुझे वडील कामधंदा करतात, घर चालवतात, तुम्हाला शिकवतात. त्यांनी ती गोष्ट मागे टाकली आहे. तू ती उकरून काढली तर त्यांना त्रासच होईल. काही जखमा झाकलेल्याच बऱ्या.

---

समाजसेविका_ओपीडी | २६ ऑगस्ट, रात्री

मी एका सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात काम करते. नाव-गाव राहू दे. दिवसभर हेच बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वैनगंगा, तुझ्याबद्दल. छाती आवळणं, बोटं बधिर होणं, आता मरतो असं वाटणं हे सगळं पॅनिकमध्ये होतं. ते साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग उतरतं, यात माणूस मरत नाही हे शरीराला माहीत नसतं म्हणून ते जोरात घंटा वाजवतं. ईसीजी झाला ते चांगलं, एकदा थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घे कारण त्यानंही धडधड होते. अटॅक आला की श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव, पाय जमिनीवर घट्ट दाब आणि समोर दिसेल त्या वस्तूंची नावं मनात म्हण. दुकानाची पाटी, सायकल, निळी ओढणी, काहीही. आणि एक, त्या जागा टाळत जाऊ नको. आज मेट्रो टाळली की उद्या बस टाळशील, परवा कॉलेज. हे हळूहळू, कोणाच्या मदतीनं करायचं असतं, त्यासाठीच उपचार आहेत.

आता मोठा प्रश्न, न पाहिलेली गोष्ट पोरांत कशी उतरते. हा प्रश्न जगात पहिल्यांदा जोरात विचारला गेला १९६६ मध्ये. कॅनडात राकॉफ नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांना दिसलं की हिटलरच्या छळछावण्यांतून वाचलेल्यांची मुलं, जी छावणीत कधी नव्हतीच, ती उपचारासाठी येत आहेत. तेव्हापासून पुष्कळ काम झालं. इंटरनेटवर तुम्हाला दिसेल की ट्रॉमा डीएनएमध्ये उतरतो. ते एवढं सरळ नाही. न्यूयॉर्कच्या रेचल येहुदा यांच्या गाजलेल्या अभ्यासात हिटलरच्या छळातून वाचलेली माणसं ३२ आणि त्यांची मुलं २२ एवढीच होती, जनुकांवरच्या काही खुणा त्यांना दिसल्या पण एवढ्या थोड्या लोकांवरून पक्कं काही म्हणता येत नाही असं इतर शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितलं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात पोटात असलेल्या मुलांना पुढं मोठेपणी आजार जास्त झाले, हे बरंच पक्कं आहे, पण ती मुलं त्या वेळी पोटात होती, म्हणजे त्यांनी ती उपासमार स्वतःच भोगली. त्यामुळे "माझ्या रक्तातच आहे" असं घेऊन बसू नको.

मला रोज ओपीडीत जे दिसतं ते याहून साधं आहे. लेकरू जगाची भीती आईबापाच्या हातातून शिकतं. बाबांनी तुझं मनगट धरलं तेव्हा त्यांचे स्नायू ताठ होते, श्वास अडकलेला होता, नजर भिरभिरत होती. तुला कारण कोणी सांगितलं नाही पण गर्दी म्हणजे जिवाला धोका हे तुझ्या शरीराला वीस वर्षं रोज सांगितलं गेलं. कारण माहीत असतं तर तू म्हणाली असतीस ही बाबांची भीती आहे, माझी नाही. माहीत नव्हतं म्हणून ती तुझी झाली.

बजेरियाकर काका, तुमचा मुद्दा खोटा नाही. मोठ्या आघातातून गेलेली बहुतेक माणसं पुढं नीट जगतात, प्रत्येकाला आजार होत नाही. पण मागं टाकणं वेगळं आणि बोलता न येणं वेगळं. ज्यानं मागं टाकलं तो वर्षातून एकदा तरी आईची आठवण सांगतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या घरात फोटो नसतो.

---

कोराडीरोड | २७ ऑगस्ट

पागलखाना हा शब्द वाचला म्हणून लिहितो. माझं घर त्या बाजूलाच. ऑटोवाल्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हटलं तर दोनदा विचारते, पागलखाना चौक म्हटलं की लगेच निघते. हे रुग्णालय १८६४ चं, इंग्रजांच्या काळातलं, राज्यात अशी चारच आहेत, ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि आपलं. दीडशेच्या वर वर्षं विदर्भातल्या घराघरात पोरांना भीती घालताना हेच नाव घेतलं.

माझी सख्खी मावशी तिथं होती. बाळंतपणानंतर तिला वेड लागलं असं घरात म्हणायचे, आता वाचल्यावर कळते की बाळंतपणानंतरचा मानसिक आजार होता, औषधानं बरा होणारा. ती बरी झाली पण तिला न्यायला सासरचंही कोणी गेलं नाही आणि माहेरचंही नाही. माझ्या आईनं हे आयुष्यभर मनात ठेवलं. माझ्या बायकोला पहिलं बाळ झालं तेव्हा आई महिनाभर रात्री तिच्या खोलीबाहेर बसून राहायची, आणि बायको रडली की आईचे हात थरथरायचे. आम्हाला वाटायचं सासू पहारा देते. भांडणं झाली खूप. मावशीची गोष्ट आईनं शेवटी सांगितली ती दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी.

मुद्दा हा की आता कायदा बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू आहे. कोणाला घरच्यांच्या मर्जीनं असं टाकून देता येत नाही, घरच्यांनी सोडलं म्हणून कोणाला आत ठेवता येत नाही, आणि उपचार मिळणं हा हक्क आहे. तुझ्या बाबांना ओपीडीत नेलं म्हणजे कोणी ठेवून घेत नाही. चिठ्ठी काढायची, डॉक्टरशी बोलायचं, संध्याकाळी घरी. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेलं तर मेडिकलला चाललो एवढंच सांगायचं, तिथं तर अर्धं विदर्भ जाते.

---

इंदोरा_१४ऑक्टो | २८ ऑगस्ट

धागा दोन दिवस वाचून राहिलो, लिहू की नको असं होत होतं.

माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली, उमरेडकडून चालत आले होते. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर काय झालं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, फक्त त्यांच्या डोक्यावर मागच्या बाजूला एक खूण होती, केस यायचे नाहीत तिथं. माझी आई शिक्षिका. आमच्या घरी प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स असतात. बँकेत जायचं तर अर्धा तास आधी, कपडे इस्त्रीचे, पेन दोन. मला दहावीत ८९ टक्के पडले तेव्हा आई खूश झाली नाही, घाबरली, म्हणाली एवढ्यावर ते बोट दाखवतील. ते म्हणजे कोण हे मी विचारलं नाही, माहीत होतं.

मी इंजिनिअर झालो, नोकरी चांगली आहे आणि मला ऑफिसचा मेल पाठवायच्या आधी तो दहा वेळा वाचल्याशिवाय राहवत नाही, झोप लागत नाही. समुपदेशकाकडे गेलो तर पहिल्या भेटीत त्यांनी आडनाव विचारलं आणि नंतर म्हणाले तुम्ही फार मनाला लावून घेता, आता तसं काही राहिलं नाही. परत गेलो नाही. दुसऱ्या मॅडम भेटल्या त्यांनी पहिल्यांदा आजोबांबद्दल विचारलं. तिथं फरक पडला.

समाजसेविका ताईंनी हात आणि श्वासाचं लिहिलं ते पटलं पण माझं एक म्हणणं आहे. आमच्या घरची भीती उगीच नाही. आईला जे वाटायचं ते खरंच व्हायचं. त्यामुळे "भीती सोडा" असं नुसतं आम्हालाच सांगून होणार नाही. आणि आमच्याकडे भीतीसोबत दुसरंही उतरलं आहे. धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोकांत मी उभा असतो तेव्हा मला एकदाही धडधड झाली नाही. वैनगंगा, तीही गर्दीच असते. आजोबा मला खांद्यावर घेऊन जायचे आणि त्या दिवशी त्यांचे खांदे सैल असायचे.

---

वैनगंगाकाठ | २८ ऑगस्ट

इंदोरा दादा, खांदे सैल असायचे हे वाचून मी खूप रडले. कोराडीरोड दादा, मावशींचं वाचूनही.

बजेरियाकर काका, राग नाही आला. मलाही तीच भीती वाटते की उकरून काढलं आणि बाबा मोडले तर.

---

पांदण_वाट | २९ ऑगस्ट

मी यवतमाळकडचा, आता हिंगण्याले एमआयडीसीत कामाले आहे. आमच्या बाबानं २००६ मधी आत्महत्या केली, मी सातवीत होतो. कर्ज होतं, कापूस गेला होता, ते सगळं पेपरात येतेच, ते नाई सांगत.

मले सांगायचं आहे ते त्याच्या नंतरचं. सरकारची एक लाखाची मदत असते, तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यासाठी प्रकरण पात्र का अपात्र ते ठरते. माह्या मायले चार ठिकाणी बोलावलं, दरवेळी पहिल्यापासून सांग, कवा झालं, कोणं पाहिलं, दारू पेत होता का. मी सोबत राहो, बारा वर्षाचा. आमचं वावर आजोबाच्या नावावर होतं, सातबाऱ्यावर बाबाचं नाव नव्हतं, म्हणून अपात्र. त्या दिवसापासून माय त्या विषयावर बोलली नाई. तिले एवढ्या वेळा सांगायले लावलं की तिचं सांगणंच संपून गेलं. म्हणून ताई, तुह्या बाबाले कोणी प्रश्न विचारत बसू नका, एवढं मनापासून सांगतो. बोलणं आणि जबाब देणं वेगळं असते.

मी आता ३१ चा आहे. मले अजून रात्री उठून लहान भाऊ श्वास घेऊन रायला का ते पाहावं लागते. तो २४ चा आहे, लग्न झालं त्याचं, वेगळा रायते. आता मी फोन करतो पहाटे पाचले. त्याची बायको चिडते, बरोबर आहे तिचं.

---

समाजसेविका_ओपीडी | २९ ऑगस्ट, रात्री

पांदणदादा, तुम्ही जे लिहिलं, बोलणं आणि जबाब देणं वेगळं, ते मी उद्या आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमचं नाव-गाव न सांगता. तुम्ही स्वतः एकदा या दाखवायला. वीस वर्षं रात्रीची झोप मोडणं हे भावावरचं प्रेम आहेच, पण ते उपचारानं हलकं होतं. आत्महत्या झालेल्या घरात मागे राहिलेल्यांचा धोकाही वाढलेला असतो, म्हणून हे टाळू नका. कधी स्वतःच्या मनात तसा विचार आला तर त्याच क्षणी १४४१६ लावा किंवा जवळच्या माणसाला उठवा. आणि हेही माहीत असू द्या की नव्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा नाही, उपचार द्यायचे आहेत. अजूनही लोक केस होईल म्हणून दवाखान्यात आणत नाहीत.

आपल्याच विदर्भातली एक गोष्ट सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला होता. डॉक्टर गावात नेऊन बसवले नाहीत, गावातल्याच माणसांना शिकवलं, ते घरोघरी जाऊन बोलायचे, मग समुपदेशक, आणि लागलंच तर मानसोपचारतज्ज्ञ. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच कुठंतरी मदत घ्यायचे, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत छापून आलं. तरी तीन चतुर्थांश लोक राहिलेच, हेही खरं. पण लोक उपचार घेत नाहीत कारण अडाणी आहेत असं म्हणणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते. ओळखीचं माणूस ओट्यावर येऊन बसलं की लोक बोलतात.

वैनगंगा, बाबांना त्या दिवसाबद्दल विचारू नकोस. आजीबद्दल विचार. दिसायची कशी, स्वयंपाक काय करायची, चिडायची का. मरणाच्या आधीही ती बारा वर्षं त्यांची आई होती आणि ती बारा वर्षंही त्यांनी त्या एका दिवसासोबत पुरून टाकली आहेत. उत्तर नाही दिलं तर विषय सोडून दे, चिडले तर माफी मागून चहा कर. कधी बोलायचं ते त्यांना ठरवू दे.

---

बजेरियाकर | २ सप्टेंबर

चार दिवस विचार करून लिहितो आहे.

माझे वडील इथल्याच एका मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. बंद झाल्यावरही ते रोज भोंग्याच्या वेळेला उठायचे, भोंगा वाजत नव्हता तरी. आंघोळ, पूजा, आई डबा भरून द्यायची, सायकल काढून ते जायचे. कुठं जायचे? कॉटन मार्केटकडे एका झाडाखाली बसून राहायचे, डबा खायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी. आठ महिने. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. आईलाही. कोणी एक शब्द बोललं नाही, त्यांना लाज वाटू नये म्हणून. नंतर ते घरातच बसले आणि तीन वर्षांत गेले. डॉक्टरांनी हार्ट सांगितलं.

माझ्या मुलानं चार वर्षांपूर्वी पक्की नोकरी सोडून स्वतःचा धंदा टाकला. मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. बायको, सून, सगळ्यांनी समजावलं, मी तत्त्वाची गोष्ट म्हणून बसलो होतो. परवा हा धागा वाचताना मनगटाचं वाचलं आणि रात्री झोप आली नाही. मला त्याचा राग आलाच नव्हता. तो सकाळी डबा घेऊन निघालेला दिसला की मला झाडाखालचे वडील दिसायचे.

बेटा, झाकलेल्या जखमा बऱ्या हे मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. काल मुलाला झाडाची गोष्ट सांगितली. तो ३९ वर्षांचा आहे, त्याला ही गोष्ट माहीतच नव्हती.

---

दिघोरी_नाका | २ सप्टेंबर

काका 🙏

---

वैनगंगाकाठ | २५ ऑक्टोबर

खूप दिवसांनी आले, परीक्षा होती. सांगायचं बरंच आहे.

मी स्वतः मेडिकलच्या मानसोपचार विभागात जायला लागले, आतापर्यंत पाच वेळा गेले. पहिल्या दिवशी रांगेत शेजारी कोण होतं तर आमच्याच वस्तीतल्या एक काकू, दोघी एकमेकींकडं बघून आधी गप्प झालो आणि मग डबा वाटून खाल्ला. औषध एक आहे कमी डोसचं आणि मॅडम मला हळूहळू गर्दीची सवय करायला लावून राहिल्या. आधी सीताबर्डी स्टेशनवर दुपारी, मग जरा गर्दीच्या वेळी एक स्टेशन. मागच्या आठवड्यात संध्याकाळी सहाला गेले, धडधड झाली, उतरले नाही.

बाबांना मी आजीच्या स्वयंपाकाचं विचारलं. पहिल्यांदा ते उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा काहीच बोलले नाहीत. मग एकदा जेवताना, मी विचारलंही नव्हतं, आईला म्हणाले, माझी माय लाखोळीचे वडे करायची, तिखट जास्त टाकायची. आईच्या हातातला घास तसाच राहिला. लग्नाला २२ वर्षं झाली, तिनं सासूबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी आईनं गावाहून लाखोळीची डाळ मागवली.

दिवाळीत पाडव्याला गायगोधनासाठी, म्हणजे गाईंच्या पूजेसाठी, गावी गेलो. बाबा दरवर्षी काम आहे म्हणून टाळायचे, यावेळी आले. ढालीची मिरवणूक निघाली तेव्हा गर्दीत नाही गेले, दुरून गोठ्याजवळ उभे होते, पण तिथं त्यांच्या वयाचा एक माणूस आला, तोही त्या मोर्चात लहान होता म्हणे. दोघं गोठ्यातच बसले, आम्ही लांबून बघत होतो, किती वेळ कोण जाणे, बोलत होते की नुसतेच बसले होते तेही कळलं नाही. परत येताना गाडीत बाबा म्हणाले, त्यालाही झोप येत नाही.

त्यालाही. म्हणजे त्यांना येत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं.

---

इंदोरा_१४ऑक्टो | २५ ऑक्टोबर

त्या गोठ्यातल्या काकांनाही सोबत नेता आलं तर बघ. एकट्यानं जाणं आणि दोघांनी जाणं यात फार फरक आहे, मला अनुभव आहे.

---

पांदण_वाट | २६ ऑक्टोबर

मी पण गेलो ताई. दोनदा झालं. आता फोन सातले करतो.

---

वैनगंगाकाठ | २४ नोव्हेंबर, रात्री

काल २३ तारीख होती. ३१ वर्षं झाली.

मी सकाळी म्हटलं मी स्मारकावर जाऊन येते. बाबा काही बोलले नाहीत, बूट घातले. भाऊ पण निघाला. गावाकडून माणसं आली होती, फुलं, झेंडे, बायका लेकरं घेऊन. बाबा स्मारकापर्यंत नाही आले. रस्त्याच्या पलीकडं फूटपाथवर उभे राहिले, घाम आला होता एवढ्या थंडीत, मी नुसती बाजूला उभी राहिले, मॅडमनी सांगितल्यासारखं श्वास बाहेर सोडत राहिले, जरा वेळानं त्यांचाही श्वास माझ्यासोबत व्हायला लागला. भाऊ एकटा जाऊन फूल ठेवून आला. बाबांनी त्याला जाऊ दिलं. पूर्ण वेळ त्याच्यावर नजर ठेवून होते, पण जाऊ दिलं.

मग बोट दाखवून म्हणाले, इथं नाही, त्या तिकडं. तिकडं वाट अडवायला बल्ल्या लावल्या होत्या. एवढंच बोलले आणि म्हणाले चला.

घरी आल्यावर माझी मेडिकलची फाइल टेबलावर होती ती त्यांनी उघडून बघितली, पहिल्यांदाच. विचारलं, झोपेसाठी पण देतात का तिथं? मी म्हटलं आधी बोलतात, मग लागलं तर देतात. माझी पुढची तारीख उद्या मंगळवारची आहे. आताच जेवताना म्हणाले, सकाळी लवकर निघू, चिठ्ठीच्या रांगेत गर्दी व्हायच्या आधी.